मामांची कांद्याची खोली विलायतेत

रोम, ऑक्टोबरातला सोमवार, १७७४

तीर्थरूप क्रेशेन्झोमामांच्या चरणी, त्यांच्या धाकट्या बहिणीचा थोरला दिवटा लाउरो याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (उजवा हात तेजाबाने पोळला आहे, तरीही तो जोडला आहे याची कृपया नोंद घ्यावी.) फाउस्तामामींचा खोकला आता कसा आहे? गाढवी अजून तुम्हालाच लाथ मारते की तिने आता दुसरं कोणी शोधलं? यंदा द्राक्षं चांगली उतरली असं आल्बानोहून येणारे सगळे सांगतात. वारा सरळ असला तर तुमचं ओरडणंही वेशीपर्यंत ऐकू येतं असंही सांगतात, त्यावरून प्रकृती उत्तम असावी असं मी धरून चालतो. इकडे आम्ही ठीक. पत्र लिहायला खास असं कारण काही नाही. खूप दिवसांत तुमची विचारपूस झाली नाही, राहवेना, म्हणून लिहायला बसलो.

तुम्हाला आठवत असेल, मागे मी तुमच्या मळ्यात मुक्काम ठोकला होता आणि मामींच्या हातचं कोकराचं मटण खाऊन उरलेल्या वेळात तुमच्या कांद्याच्या खोलीचं चित्र काढलं होतं. (ती खोली म्हणजे कोणा जुन्या रोमन गृहस्थाची समाधी आहे, हे तुम्हाला मान्य नाही. म्हणजे मान्य आहे, पण मेलेल्याची तक्रार नसताना आपण कांदे का हलवावेत, असं तुमचं म्हणणं.) ते चित्र मी पुढे तांब्याच्या पत्र्यावर मेण चढवून सुईने कोरलं, तेजाबात बुडवलं आणि त्याचे छाप आमच्या कारखान्यात विकायला ठेवले. आता आमचे मालक सोर पॉम्पेओ यांचा नियम एकच, आणि तो साऱ्या रोममधल्या कोरणाऱ्यांचा आहे: अवशेष मोठा, माणूस छोटा. दगड वाढवायचा तर पत्रा मोठा लागतो आणि तांबं महाग. माणूस मात्र फुकटात लहान होतो. म्हणून मी त्या दाराशी एक माणूस उभा केला, हातात टोपी, नखाएवढा. ते तुम्ही. प्रत्यक्षात ते दार तुमच्या खांद्याला लागतं, पण चित्रात तुम्ही त्याच्यापुढे पावाच्या लादीशेजारच्या मुंगीसारखे दिसता. रागावू नका. साऱ्या आल्बानोत तुमच्याइतका उंच माणूस नाही हे मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच तुम्हाला बारीक करताना मी मनोमन तुमची माफी मागितली होती.

आता हे चित्र रोममध्येच राहिलं असतं तर काही बिघडलं नसतं. परदेशी पाहुणा येतो, चित्र घेतो, मग खरा अवशेष पाहायला जातो, "एवढंसंच होय?" म्हणून पुटपुटतो आणि घरी जातो. तोवर चित्र विकलेलं असतं. पण हा छाप पोचला थेट लंडनला, आणि तिथे तो मिलॉर्ड थॉर्नबी नावाच्या एका गृहस्थाच्या हाती लागला, ज्याने जन्मात रोम पाहिलेलं नव्हतं. गृहस्थ वेडा झाला. म्हणाला, माझा वाडा अस्साच हवा! त्याच्या वास्तुकाराने हिशेब मांडला: दाराशी उभा आहे तो साधारण उंचीचा माणूस, तर दार त्याच्या इतके पट. (मामा, तो साधारण उंचीचा माणूस म्हणजे तुम्ही, आणि तेही नखाएवढे. पुढचं तुम्हीच ताडा.)

वाडा उभा राहिला. त्याचा पुढचा दरवाजा उघडायला दोन नोकर खांदा लावतात. स्वयंपाकघरातून निघालेलं सूप जेवणघरात पोचेस्तोवर त्यावर साय धरते. शेकोटी एवढी की तीत बैल उभा राहील, पण ऊब सगळी वर जाते, त्यामुळे घरात सुखी आहेत ते फक्त छतावरचे चुन्याचे देव. मिलॉर्डची आत्या तीन शाली गुंडाळून माळ्याच्या झोपडीत राहायला गेली, ती परत यायचं नाव घेत नाही. हे सगळं मिलॉर्ड स्वतः मोठ्या कौतुकाने सोर पॉम्पेओंना कळवत असे. आणि शेजारीपाजारी हसतील म्हणावं तर तेही नाही! शेजाऱ्यांनी त्याचंच अनुकरण केलं. तुमच्या दारावर दगडात कोरलेल्या त्या बैलांच्या कवट्या आणि फुलांच्या माळा, ज्यांना मामी कांद्याच्या जुड्या अडकवतात, त्या आज विलायतेत खुर्च्यांच्या पाठीवर, चहाच्या किटल्यांवर आणि साखरेच्या भांड्यांवर विराजमान आहेत. मोठमोठ्या घरच्या बायका तुमच्या कांद्याच्या खोलीतून साखर काढून घेतात म्हणा ना.

आणि मग उन्हाळ्यात बातमी आली की मिलॉर्ड रोमला येतो आहे. मूळ वास्तू डोळे भरून पाहायला. आमच्या तोंडचं पाणी पळालं. सोर पॉम्पेओ खुर्चीतच बसले. मिलॉर्डच्या शब्दावर सारे इंग्रज आमच्याकडे येतात. त्याने एकदा कॉफीगृहात बसून "हे लबाड आहेत" म्हटलं की कारखान्याला कुलूप, आणि सोर पॉम्पेओंची नजर आता इतकी मंदावली आहे की ते नव्याने काही मांडू शकत नाहीत. ज्या माणसाने मला हातात सुई धरायला शिकवलं, तो म्हातारपणी चर्चच्या पायरीवर छाप विकत बसलेला माझ्याने बघवणार नाही.

तर मिलॉर्ड काल आला. गाडीतून आधी हॅट उतरली, मग मिलॉर्ड उतरला, आणि दोघांत फारसं अंतर नव्हतं. मामा, तो माझ्या छातीलाही लागत नाही! सोर पॉम्पेओंना ते जवळ आल्यावर दिसलं, आणि त्यांनी मला ओढत आतल्या खोलीत नेलं.

"लाउरो, वाचलो रे! हा दाराशी उभा राहिला की समाधी आपोआप वाढते!"

"पण तो उभा राहून वर बघणार, मालक. आंधळा आहे का तो?"

"तू गप्प बस. माणसाला जे पाहायचं असतं तेच तो पाहतो. चाळीस वर्षं त्यावरच जेवतो आहे मी."

तरी धोका नको, तो मळ्यात न गेलेलाच बरा, म्हणून आम्ही त्याला आर्टिचोक खाऊ घातले, फ्रास्कातीची वाइन पाजली, ज्वराची भीती घातली, रस्त्यावरच्या चोरांची घातली. काही उपयोग झाला नाही. उलट दुसऱ्या पेल्यानंतर तो मोकळा झाला. आपली भाषा तो पुस्तकी बोलतो, पण बोलतो. म्हणाला, लहानपणापासून सगळे माझ्याशी खाली वाकून बोलत आले. शाळेत मला उचलून कपाटावर ठेवत. मग एक दिवस तुमचं चित्र पाहिलं. त्यात माणूसच लहान होता. त्या दगडांपुढे कोणीच उंच ठरलं नसतं. तेव्हा मनात आलं, अशी जागा खरोखर कुठे असेल तर तिथे मला एकदा उभं राहायचं आहे. मामा, मी हातातला आर्टिचोक खाली ठेवला. इतका वेळ मला कारखान्याची काळजी होती, आता त्या माणसाचीही वाटायला लागली. आणि दोघांची सोय एकाच वेळी कशी लावायची ते मला कळत नव्हतं.

असो. तुमचा फार वेळ घेतला. मामींना माझा नमस्कार, गाढवीला लांबूनच. तुमच्या आशीर्वादाचा भुकेला,

लाउरो

ता. क. बरं आठवलं. येत्या गुरुवारी आम्ही सगळे तुमच्याकडे ऑक्टोबरच्या सहलीला येतो आहोत. मिलॉर्डसुद्धा. तेवढे कांदे हलवता आले तर पाहा.

दुसरा ता. क. मामा, आता खरं सांगतो, पत्र ह्यासाठीच होतं. गुरुवारी तुम्ही उभे राहू नका. गुडघे दुखतात म्हणा, काहीही म्हणा, पण लांब त्या अंजिराखाली खुर्ची टाकून बसून राहा. तुम्ही पोपच्या माणसांपुढेही आपली उंची कधी कमी केली नाहीत हे सारं गाव जाणतं, आणि मी तुमच्याकडे काय मागतो आहे तेही मला कळतं. पण तुम्ही दाराशेजारी उभे राहिलात की ते दार त्याच्या डोळ्यांदेखत एवढंसं होईल. सोर पॉम्पेओ म्हणतात, बसूनही तुम्ही मिलॉर्डपेक्षा उंच भराल, तर आडवेच व्हा. ते मी मागत नाही.

तिसरा ता. क. वरचा मजकूर रद्द समजा. पाकीट बंद करत होतो तेवढ्यात मिलॉर्ड कारखान्यात आला. चित्रावर बोट ठेवून विचारलं, दाराशी उभा आहे तो कोण? मी म्हटलं, माझे मामा. त्याने विचारलं, उंच आहेत? आता इथे खोटं बोलायला हवं होतं. पण मामा, तुमच्याबद्दल विचारलं की माझी छाती फुगते. मी म्हणून गेलो, साऱ्या आल्बानोत त्यांच्याइतका उंच कोणी नाही, दार त्यांच्या खांद्याला लागतं! पलीकडे सोर पॉम्पेओंच्या हातून तेजाबाची बाटली सुटता सुटता राहिली. मिलॉर्डने मनात दाराची खरी उंची अजमावली. मग त्याने आपल्या खांद्याच्या वर हात धरला, हॅटच्या वर धरला, आणि हळूहळू हसायला लागला. म्हणाला, म्हणजे मी घर चुकीचं बांधलं; माझ्या मापाचं घर तर तुमच्या मामांच्या मळ्यात आहे. आम्हाला तो लबाड म्हणाला नाही. उलट एक नवा पत्रा मागितला, खऱ्या मापाचा, दारात तो स्वतः. (खरं माप! सोर पॉम्पेओंना हे ऐकून अंथरूण धरावं लागलं.)

तेव्हा बसू नका, मामा. चांगले ताठ उभे राहा, त्याला हाताला धरून दारापर्यंत न्या आणि त्याला पुढे जाऊ द्या. तुम्ही मागून रोजच्यासारखे वाकून या. तो हॅट न काढता सरळ आत जाईल.