दोन बोटं कोरडी जागा

प्रिय बाबा,

दंड भरून आले आहेत, म्हणून सँडपेपर खाली ठेवला आणि शाळेच्या वहीतला कागद फाडून घेतला. आज तिसरा रविवार. तुम्ही फळ्यांना लावलेलं तेल घासून काढते आहे. आता घासताना जे दिसलं, ते आईच्याही आधी तुम्हाला सांगायला हवं.

आपली खोली अजून पांढुर्ण्याच्या घरामागे टिनाच्या शेडमध्येच उभी आहे. दोन चाकांवरची प्लायवूडची खोली, कारच्या मागे जोडून न्यायची, आत तिघांना झोपता येईल एवढी. लॉजच्या गादीवर तुम्हाला झोप लागत नाही, म्हणून तर हा सगळा खटाटोप! आयुष्यभर लोकांच्या बैलबंड्या बनवल्यात आणि स्वतः कधी नागपूरच्या पुढे गेला नाहीत. आधी जामसांवलीचा मारुती, मग नर्मदेचा काठ, असं आपलं ठरलं होतं.

मी मोबाइलवर बघून दोन डब्यांतला गोंद एकत्र कालवायची आणि तुम्ही स्टुलावर बसून हसायचात. बैलबंडीला कुठे गोंद लागतो? खाच, खुंटी आणि वरून जवसाचं तेल, झालं तुमचं काम. "लाकडाले तेल पाजा लागते, बाई. नाही तं ते पानी पेते," असं तुम्ही किती वेळा म्हणाला असाल. मी हो हो करायची आणि पुढचा व्हिडिओ लावायची.

मग एक दिवस मी सौंसरच्या शाळेत शिकवून परतले, तर सगळ्या फळ्या तेल पिऊन पिवळ्याधमक झालेल्या. मला न विचारता! कडेनं फिकट पट्टा राहिलेला मला दिसला होता, बाबा. वाटलं, म्हाताऱ्या माणसाचा हात पोचला नसेल. तसाच गोंद लावला, फळ्या दाबून धरायला क्लॅम्प आवळले. गोंद बाहेर आला की जोड पक्का, असं व्हिडिओत ऐकलं होतं, म्हणून थेंब थेंब बाहेर येईपर्यंत आवळत राहिले.

चार दिवसांनी क्लॅम्प सोडले आणि पुढची भिंत छताजवळ उकलली. शेजारचे काका तिथंच उभे होते, आई चहा घेऊन आली होती. मी आत वाकूनही पाहिलं नाही. तेलाचा वास आला, तेवढं मला पुरलं.

"ही बंडी नाही, बाबा. तुमच्या तेलानं माझं सगळं काम नासलं."

तुम्ही फक्त "बरं" म्हणालात. तेलाचा डबा कोनाड्यात ठेवलात आणि परत शेडमध्ये पाऊल टाकलं नाहीत. मीही बोलवलं नाही. उद्या बोलवू, रविवारी बोलवू, करता करता दीड महिना गेला आणि एका सकाळी तुम्ही उठलाच नाहीत.

मघाशी आई येऊन म्हणाली, "आता काहून घासून राहिली वं? राहू दे ना त्याइचं तेल." मी म्हटलं, तेलावर गोंद धरत नाही. ती आत गेली. मधलं घासून पहिल्यांदाच कडेशी आले, आणि मग मला पेन्सिलची रेघ दिसली.

प्रत्येक फळीवर आहे. कडेपासून दोन बोटं आत, सरळ. तुमची दोन बोटं, माझी त्यात अडीच मावतात. तेल रेघेपाशी येऊन थांबलेलं आहे, एका ठिकाणीही पलीकडे गेलेलं नाही. माझ्या गोंदासाठी तुम्ही जागा सोडली होती! उकललेला जोड तेव्हा कुठे आतून पाहिला. लाकूड कोरडं, स्वच्छ. गोंदही नाही. सगळा मीच आवळून बाहेर काढला होता, तो कडेला वाळून बसला आहे.

मग बोलला का नाहीत तुम्ही? नुसतं रेघेवर बोट ठेवलं असतं तरी चाललं असतं. काकांसमोर पोरीची चूक दिसेल, म्हणून गप्प राहिलात? मला राग येतो आहे तुमचा. तो आता कुठे ठेवू? खरं सांगायचं तर रागवायचीही ताकद उरलेली नाही. तीन रविवार मी तुमचं चांगलं काम घासून काढत होते.

आता घासणं बंद. उरलेलं तेल राहील. गोंद तुम्ही सोडलेल्या जागेतच लावेन, क्लॅम्प बेतानं आवळेन, आणि वरून पाणी शिरू नये म्हणून वार्निश देईन ते बिनरंगाचं, म्हणजे तुमची रेघ दिसत राहील. आईला घेऊन जामसांवलीला जाईन. पण निघायच्या आधी काकांना शेडमध्ये बोलवेन, आईला शेजारी उभी करेन, रेघ दाखवेन आणि काम माझ्या हातानं नासलं होतं हे सांगेन. त्या दिवशी जेवढ्या मोठ्यानं बोलले होते, तेवढ्याच मोठ्यानं.

तुमची,
नंदा