आत काही साठत नाही

प्रिय ठमे,

तुझी तब्येत शेवटी विचारते, कारण हे पत्र तिच्याचसाठी आहे. आधी बाकीचे. छोटीचा खोकला गेला का? जावईबापूंच्या टाचेचं काय झालं, की अजून बगळ्यासारखे एका पायावर उभे राहून दाढी करतात? विहीणबाईंचे गुडघे कसे आहेत? त्यांना म्हणावं, गरम पिशवी गुडघ्यावर ठेवायची असते, टीव्ही बघताना मांडीवर नव्हे. इकडे तुझे काका ठणठणीत आहेत. ऐकू जरा कमी येतं, पण तेही सोयीनं. माझ्या मनगटाला इस्त्रीची सवय आणि इस्त्रीला माझ्या मनगटाची, तेव्हा आमचं दोघींचं बरं चाललंय.

आता तुझं. काल तुझ्या आईचा फोन आला होता. येत्या गुरुवारी तुझं तीन महिन्यांचं इंजेक्शन आहे आणि तू ते घ्यायला जाणार नाहीस म्हणे. का, तर मावशी म्हणाली, पाळी येत नाही म्हणजे आत रक्त साठतंय. बाई गं, मावशी म्हणाली खरी. मी नाकबूल करत नाही. मी फोनच करणार होते, पण मागं विहीणबाई बसलेल्या असल्या की तू नुसतं "हं, हं" करतेस. म्हणून लिहितेय. एकटी बसून वाच.

मागच्या महिन्यात तुझ्याकडे आले होते तेव्हा दोरीवरचे कपडे काढताना मी विचारलं, पाळी कधी आली होती? तू हसत म्हणालीस, "ती सुट्टीवर गेलीय मावशी, सात महिने झाले." आणि माझी जीभ सुटली. साठलेलं रक्त डोक्यात चढतं, गाठी होतात, काय काय बोलले. विहीणबाईंनी वाटीतला चमचा खाली ठेवला. तुझा चेहरा उतरला ते मी पाहिलं, आणि आपलं म्हणणं पटलं म्हणून मनात खूशही झाले. म्हातारं माणूस असं असतं बघ.

हे डोक्यात आलं कुठून, तेही सांगते. हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत माझी पस्तीस वर्षं गेली. तिथं मोठ्या यंत्राची नळी तुंबली की घाण पाणी मागं चढतं आणि सगळी फरशी भरते. रोजचं डोळ्यांपुढं तेच, म्हणून मी बाईचं शरीरही तसंच धरून चालले. रक्ताच्या डागाला गार पाणी लागतं, गरम घातलं की डाग पक्का बसतो, हे मी झोपेतही सांगेन. पण रक्त मुळात येतं कशानं, हे मला कुणी शिकवलं नाही आणि मीही विचारलं नाही.

तुला ठाऊकच आहे, मी वाचायला शिकले ती डॉक्टर-नर्सच्या कोटांच्या खिशांत सापडलेल्या चिठ्ठ्यांवर. धुण्याआधी खिसे रिकामे करायचे, कुणाचं काही असेल तर परत द्यायचं, आणि टाकाऊ कागद माझ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात. काल फोन ठेवल्यावर ते खोकं उपसलं. त्यात तुझ्याच इंजेक्शनचं घडीचं माहितीपत्रक निघालं, कधीचं पडलेलं कोण जाणे. भिंग लावून वाचलं. निम्मं कळलं. म्हणून आज सकाळी ते घेऊन आमच्या हॉस्पिटलात, इंजेक्शनच्या खोलीतल्या सिस्टरपुढं उभी राहिले. ती आधी म्हणाली, "मावशी, आता या वयात?" मग पोटभर हसून झाल्यावर तिनं नीट समजावलं.

ती म्हणते, दर महिन्याला गर्भाशयाला आतून अस्तर चढतं, पाहुणा येईल म्हणून गादी घालून ठेवावी तसं. पाहुणा आला नाही की ती गादी मोडून बाहेर पडते, तीच पाळी. हे औषध बीज बाहेर पडू देत नाही आणि अस्तरही पातळच ठेवतं. गादी घातलीच नाही, तर उचलायची काय? साठत काही नाही, कारण तयारच होत नाही. पहिले काही महिने तुला अवेळी ठिपके-ठिपके दिसायचे, तेही याच औषधानं, आणि वर्षभरात कितीतरी बायकांची पाळी पार थांबते. गोळ्यांवरही अंगावर कमी जातं. मधे गोळ्या बंद असतात त्या आठवड्यात जे येतं ती खरी पाळी नव्हेच म्हणे, औषध थांबल्याची नुसती पोच. इंजेक्शन सोडलं की पाळी आपोआप परत येते, मात्र कधी कधी वर्षभरही लागतं, तेव्हा पुढं कधी सोडलंस तर धीर धर. आणि एकदम भरमसाट जायला लागलं, पोटात जोराचं दुखलं, किंवा इंजेक्शनची तारीख चुकून मळमळ सुरू झाली, तर मावशीला विचारत बसू नको. सरळ दवाखाना गाठ.

तू हे घेतेस कशासाठी, तेही जरा आठव. पूर्वी दर महिन्याला चार दिवस आडवी पडायचीस, जिना चढताना भोवळ यायची. छोटीच्या वेळी पोट उघडावं लागलं, इतक्यात दुसरं नको म्हणून डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. आणि दोन महिन्यांवर तुझी बस चालवायची परीक्षा आली. एवढी मोठी बस वळवतेस आणि म्हातारीच्या एका वाक्यापुढं ब्रेक लावतेस होय?

आता जे आजवर कुणाला सांगितलं नाही, ते. तुझी आई नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. नवीन लग्न झालेलं, शिक्षण होईपर्यंत मूल नको म्हणून गोळ्या घ्यायची. तिचे कपडे मीच धुवायची. डाग फिके झाले, मग दोन महिने पडलेच नाहीत. मी म्हटलं, तुंबलंय, फेक त्या गोळ्या. तिच्या पुस्तकात खरं लिहिलेलं होतं, पण आई गेल्यावर मीच तिला वाढवलेलं, माझ्यापुढं पुस्तक कोण विचारतो? तिनं फेकल्या. पुढच्या महिन्यात पाळी आली आणि मी म्हटलं, बघ, मोकळी झालीस. त्याच्या पुढच्या महिन्यात परत नाही. मी म्हटलं, परत तुंबलं. तुंबलं नव्हतं गं, ती तू होतीस. तू आलीस याचं दुःख मला एक दिवसही झालं नाही, आणि तिलाही नाही. पण तेव्हाच्या नियमानं गरोदर म्हणून तिचं नाव काढून टाकलं, आणि ती पुन्हा त्या वर्गात गेली नाही, पुढं दुकान टाकलं. मागच्या महिन्यात माझ्यासमोर तू तिला हसून म्हणालीस, "आईला सगळ्याचाच कंटाळा येतो, नर्सिंगसुद्धा अर्धवट सोडलं." ती छोटीच्या झबल्यांच्या घड्या घालत राहिली. सत्तावीस वर्षं तिनं माझं नाव घेतलं नाही, काल फोनवरसुद्धा नाही. फक्त म्हणाली, "ताई, तिला तू सांग. तुझं ऐकेल ती." म्हणून सांगतेय. मागच्या महिन्यात माझं ऐकलंस ना, तसं आताही ऐक. गुरुवारी जा, आणि येताना आईच्या दुकानावरून ये. लगेच दोन ओळी टाक. "टोचून आले" आणि "आईला भेटले", एवढंच लिहिलंस तरी पुरे.

तुझीच,
मोठी मावशी