अठरा मिनिटं मागे

दि. ३ मार्च

ती. दाजींना साष्टांग नमस्कार.

इकडे मी ठीक आहे. तुमची खुशाली कळवा असं लिहायचं म्हटलं, तर गेल्या चौदा महिन्यांत तुम्ही मला एक ओळ लिहिलेली नाही. तेव्हा ती ताईकडूनच कळत राहील असं धरून चालतो. गुडघा बरा आहे, उजव्या डोळ्याला भिंग लावून फार वेळ बसवत नाही, आणि दुकानातल्या रेडिओची खरखर वाढली आहे, एवढं तिने फोनवर सांगितलं.

गाळ्याचंही सांगितलं. मालक विकतोय, पहिला हक्क तुमचा, मुदत महिनाअखेर. सव्वीस वर्षं तुम्ही त्या नऊ बाय बाराच्या खोलीत भाड्याने बसलात. भिंतीवर तीस घड्याळं, तिसांच्या तीस वेळा, आणि खरी वेळ फक्त दारावरच्या घड्याळात, कारण ते तुम्ही रोज सकाळी रेडिओच्या ठोक्यावर लावता. ती खोली तुमची व्हावी हे योग्यच आहे. ताईच्या निवृत्तीच्या पैशांतून घ्यायचं ठरलं आणि तुम्ही पाटीसुद्धा रंगवायला टाकली, हे ऐकलं. बरं वाटलं.

माझ्याकडे सध्या कामाचा ढीग आहे. सत्तावीस तारखेला मतदान. दिवसाला तीन सभा होतात. घसा धरला की कोमट पाणी पितो आणि पुन्हा उभा राहतो. विषय एकच: शेअरबाजार. गेल्या दिवाळीपासून तो पडतोय आणि विरोधक गावोगाव सांगत फिरतायत की सत्तेवरच्या आमच्या साहेबांनी पाडला. त्याला उत्तर द्यायचं काम पक्षाने माझ्यावर सोपवलं आहे.

उत्तर सोपं आहे. समुद्रापलीकडे एक बँक बुडाली, तिच्यामागे दुसरी, आणि सगळ्या जगाचे बाजार घसरले. साहेबांनी त्या बँकेचं दारही पाहिलेलं नाही. लाखो माणसं एकाच सकाळी घाबरतात आणि विकायला धावतात, त्याला एक माणूस जबाबदार कसा? हे मी टेबलावर मूठ आपटून सांगतो. लोक ऐकतात. टाळ्या पूर्वीइतक्या नाहीत, पण ऐकतात.

परवा कार्यालयातल्या टायपिस्ट बाईंना हे भाषण टाइप करायला दिलं. अठरा वर्षं माझं अक्षर लावणाऱ्या बाई. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "हे बाजार चढला तेव्हाच्या भाषणाच्याच फायलीत ठेवू का वेगळी काढू?"

मी म्हटलं, "का?"

"नाही, दोन्हीकडे मुठी एकाच जागी आपटल्यात. फक्त साहेब एकात आहेत आणि एकात नाहीत."

मी हसलो. मग त्याही हसल्या, पण माझ्यानंतर.

उत्तर नाही दिलंत तरी चालेल. गाळ्याचे कागद करण्याआधी मात्र ताईशी पैशांबद्दल एकदा नीट बोलून घ्या.

आपला मेहुणा


दि. ११ मार्च

ती. दाजी, नमस्कार.

पत्र पोचलं म्हणे. ताईने सांगितलं: तुम्ही वाचलंत, घडी घातलीत आणि म्हणालात, "नेहमीसारखं लांबलंय, आणि नेहमीसारखं मुद्द्याचं शेवटी दोन ओळींत." चौदा महिन्यांत माझ्याबद्दल तुम्ही बोललेलं हे पहिलं वाक्य. मी ते जपून ठेवलं आहे.

तेव्हा आज मुद्दा आधी. मैदानावरची ती सभा.

तुम्हाला सगळं आठवतच असेल, तरी माझ्या बाजूने लिहितो. त्या सभेच्या दोनच दिवस आधी साहेबांनी कारखान्याच्या आवारात करसवलतीची घोषणा केली तेव्हा मी त्यांच्या मागे तिसऱ्या खुर्चीवर होतो. माझी सवय तुम्हाला माहीत आहे. साहेब बोलतात तेव्हा मी वहीत समासात वेळ टाकतो आणि पुढे वाक्य. घोषणेच्या वाक्यापुढे मी लिहिलं होतं: तीन पाच. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात बाजाराचा आलेख आला. तीन वाजून दहा मिनिटांनी रेघ सरळ वर. पाच मिनिटं! मी त्या पाच मिनिटांवर अख्खं भाषण उभं केलं. तुमच्या गावच्या मैदानावर मनगट वर करून म्हणालो, "याच घड्याळात पाहिलंय मी! तीन पाचला साहेबांनी तोंड उघडलं, आणि तीन दहाला झोपलेला बाजार उठून उभा राहिला!"

आणि तिसऱ्या रांगेतून तुम्ही उठलात. शांतपणे, गिऱ्हाइकाला सांगावं तसं म्हणालात, "अरे कर्णा, ते घड्याळ मी दिलंय तुला. ते मागे पडतंय. गेल्या महिन्यात जेवायला आलास तेव्हाच सांगितलं होतं, एकदा उघडू दे."

लोक खो खो हसले. दाजी, मी तीस वर्षं लोकांना हसवत आलो आहे, पण माझ्यावर हसलेले लोक मी पहिल्यांदाच पाहिले. आणि माझ्या तोंडून ते वाक्य निघालं: "काही माणसांचा जन्म दुसऱ्यांची घड्याळं लावण्यात जातो, त्यांची स्वतःची वेळ कधी येत नाही!"

मैदान टाळ्यांनी फुटलं. तुम्ही खाली बसला नाहीत. खुर्ची सरळ केलीत, टोकापर्यंत चालत गेलात आणि फाटकातून बाहेर पडलात.

वक्तृत्व स्पर्धेला मी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा ते घड्याळ तुम्ही माझ्या मनगटावर बांधलं होतं. "कर्णा वाजतो चांगला, पण बंद करायची वेळ त्याला कळत नाही," म्हणाला होतात. ते नाव सगळ्या घराने उचललं. हे मला त्या मैदानावरही आठवत होतं. तरी बोललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी विश्रामगृहात रेडिओचे ठोके ऐकले आणि घड्याळ पाहिलं. अठरा मिनिटं मागे. वहीतले तीन पाच म्हणजे खरे तीन तेवीस. साहेबांनी तोंड उघडलं तेव्हा बाजार वर जाऊन तेरा मिनिटं झाली होती. नंतर पेपर नीट वाचला. परदेशात व्याजाचा दर उतरल्याची बातमी तीनच्या सुमाराला आली होती. चौथ्या पानावर होती. मी पहिलंच पान वाचलं होतं.

यानंतर मी तेच भाषण एकेचाळीस गावांत केलं. "पाच मिनिटांचा चमत्कार" म्हणून त्याची पत्रकं निघाली. विरोधकांपैकी एकानेही वेळ तपासली नाही. कशी तपासतील? त्यांच्या राजवटीत बाजार चढला होता त्याचं श्रेय त्यांनाही हवंच आहे. जुन्या काळचे दरबारी लेखक मी भरपूर वाचले आहेत. पाऊस चांगला झाला की राजाचं पुण्य, दुष्काळ पडला की प्रजेचं पाप. ते वाचताना मला हसू यायचं.

गोंधळ नको म्हणून हेही लिहितो. राज्य करणाऱ्याचा बाजाराशी काहीच संबंध नाही असं मी आजही म्हणणार नाही. कायदे धड असले, न्याय वेळेत मिळाला, दिलेला शब्द दर आठवड्याला फिरवला नाही, तर दहा वर्षांत त्याचं फळ दिसतं. साहेबांनी तीच करसवलत गेल्या पावसाळ्यात दिली, काढली, पुन्हा दिली, तेव्हा व्यापारी बिथरले. तेवढा दोष त्यांचाच. पण आज सकाळची उसळी आणि उद्या दुपारची घसरण कोणाच्याही बोलण्याने होत नसते. ज्याने उसळीवर आपलं नाव घातलं, त्याच्या नावावर घसरणही जातेच. ती नको असेल तर आधी उसळी सोडावी लागते.

हे मी तुम्हाला लिहितो आहे. व्यासपीठावर अजून बोललेलो नाही.

तुमचा मेहुणा


दि. १९ मार्च

दाजी,

आज तब्येतपाणी काही विचारत नाही. पैशांबद्दल ताईशी बोला असं पहिल्या पत्रात लिहिलं होतं. तुम्ही विचारलंत, ती म्हणाली, "सगळं ठीक आहे." ठीक नाही. सोमवारी रात्री तिचा फोन आला. म्हणाली, "माझ्या तोंडून निघत नाही. तुझं तोंड चालतं, तूच सांग."

तिचे निवृत्तीचे पैसे बँकेत नाहीत. सगळे शेअर्समध्ये आहेत. आज विकले तर गाळ्याच्या किमतीच्या दोन तृतीयांश हातात येतात.

कसं झालं ते माझ्याकडूनच ऐका. मैदानातून तुम्ही निघून गेलात, ताई थांबली होती. सभा संपल्यावर व्यासपीठामागे आली. मला वाटलं, तुमच्यावरून बोलणार. पण तिने पर्सचा बंद घट्ट धरून विचारलं, "तू म्हणतोस ते खरं का रे? आमच्या हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या सगळ्याजणी पैसे घालतायत. मीही घालू? हे नको म्हणतात."

मी तेव्हा तापलेलोच होतो. म्हटलं, "ताई, दाजींचं ऐकू नकोस. साहेब आहेत तोवर बाजार खाली जायचा नाही. डोळे झाकून घाल."

तो शनिवार होता. रेडिओवर ठोके ऐकले तो रविवार. ताईने पैसे भरले सोमवारी, दुपारी बारानंतर.

मधे जवळजवळ दीड दिवस होता. विश्रामगृहात फोन होता, माझ्या खोलीच्या दाराबाहेरच. एवढंच सांगायचं होतं: ताई, थांब, माझं घड्याळ चुकलंय. पण ते सांगितलं असतं तर तिने तुम्हाला सांगितलं असतं, आणि मग मैदानावर खरं कोण बोललं हे घरात ठरलं असतं. मी फोन केला नाही. गेल्या दोन पत्रांत मी एवढं बोललो ते या एका वाक्याला वळसा घालण्यासाठी.

ताईला बाजाराने बुडवलं, परदेशातल्या बँकेने बुडवलं, असं कोणीही म्हणू शकतं. गेल्या आठवड्यापर्यंत मीच रोज तीनदा म्हणत होतो. पण तिने बँकेचं ऐकून पैसे घातले नव्हते. भावाचं ऐकून घातले होते.

मंगळवारी मी तुमच्या गाळ्याच्या मालकाकडे जाऊन आलो. तुम्हाला न विचारता गेलो, त्याचा राग धरा. म्हटलं, तीन महिने थांबा. माणूस सभ्य आहे, चहा दिला. मग म्हणाला, "थांबलो असतो हो. पण मी गाळा विकतोय कशाला असं वाटतं तुम्हाला? तुमच्या पाच मिनिटांच्या भाषणाला मी दुसऱ्या रांगेत होतो. घरी येऊन होतं नव्हतं ते घातलं. माझं देणंच महिनाअखेरचं आहे."

चहा संपवायला मला बराच वेळ लागला.

ताईचं म्हणणं, मतदान होऊन जाऊ दे, साहेब परत आले की भाव चढतील, मग विकू. सत्तावीसला मतदान, एकतीसला मुदत. ती मला विचारते, "चढेल ना रे?" दाजी, मला माहीत नाही. हे तीन शब्द मी आयुष्यात बहुधा पहिल्यांदा लिहितो आहे. साहेब आले तर चढेल की गेले तर चढेल, मला माहीत नाही, साहेबांनाही माहीत नाही, आणि ज्याला माहीत आहे असं तो म्हणतो त्याचं घड्याळ आधी बघून घ्यावं.

आणखी एक गोष्ट, आजवर कोणालाच न सांगितलेली. एकेचाळीस गावांना बाजारात उतरवणाऱ्या माणसाने स्वतः त्यात छदामही घातला नव्हता. भीती वाटायची. माझी सगळी शिल्लक पोस्टात आहे. काल काढायला गेलो तेव्हा खिडकीतला कारकून म्हणाला, "साहेब, तुम्ही अजून पोस्टात?" गाळ्याला जेवढं कमी पडतं, जवळजवळ तेवढीच आहे. रक्कम ताईच्या हातात पोचेल. शेअर्स आज विकायचे की थांबायचं हे तुम्ही दोघांनी बसून ठरवा. मी त्यात तोंड घालणार नाही. पैसे मात्र घ्या. त्यात उपकार नाही. सगळ्यांना दोषाचे वाटे वाटत फिरलो, हा माझ्या वाट्याचा.

रविवारी त्याच मैदानावर माझी सभा होती. लिहिलेलं भाषण खिशातच ठेवलं. मूठ आपटली नाही. म्हटलं, "चौदा महिन्यांपूर्वी इथे एका घड्याळजींनी मला चूक दाखवली होती आणि मी त्यांचा अपमान केला होता. त्यांचं बरोबर होतं. माझं घड्याळ अठरा मिनिटं मागे होतं. बाजार साहेबांनी चढवला नव्हता, म्हणून पाडलाही नाही, असं मला आज म्हणता येईल. पण चढवला असं मी सांगितलं होतं. तेव्हा पाडल्याचं उत्तर तुम्ही आम्हाला विचारलंत तर तो तुमचा हक्क आहे."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागून एक म्हातारी एवढंच म्हणाली, "मग आधी का नाही बोललास?" मी खाली बसलो. तुम्ही तिसऱ्या रांगेत नव्हतात. मी पाहिलं होतं.

सोमवारी वक्त्यांच्या यादीतून माझं नाव कापलं गेलं. टायपिस्ट बाई फाटकापर्यंत सोडायला आल्या. म्हणाल्या, "आता दोन्ही भाषणं एकाच फायलीत घालते."

घड्याळ या पत्रासोबत पाठवतो आहे. मी ते पुढे केलेलं नाही, नुसती चावी देत आलो. पैसे घेणार असाल तर ते उघडा, साफ करा आणि तुमच्या दारावरच्या घड्याळाबरोबर लावून परत पाठवा. घेणार नसाल तर तसंच पाठवा, मी समजेन. तोवर मनगट मोकळं आहे आणि किती वाजले ते मला लोकांना विचारावं लागतं. सवय होते आहे.

अठरा मिनिटं आणि चौदा महिने उशिराने,
तुमचा कर्णा