पूर्णिमाचे पाय, माझा पायगुण

३ जानेवारी
संकट! पूर्णिमाची पोलीस भरती. मैदान झालं, लेखी झाली, आता फक्त मेडिकल. आज पोरगी आंघोळ करून बाहेर आली तर फरशीवर अख्खा पाय उमटलेला. मधी खाचच न्हाय. फ्लॅट फूट! सासुरवाडीचा वारसा, दुसरं काय.

४ जानेवारी
बायकोनं मुद्दाम पाय भिजवून फरशीवर ठेवला. झकास कमान. मग मला ठेवायला लावला. अख्खा उमटला. फरशीच बसकी हाय. मिस्त्रीला बोलवायचं.
बायको म्हणाली, म्हणून तर तुम्हाला भरतीतनं काढलं की. साफ खोटं! तिथं वशिला चाललाता.

६ जानेवारी, पहाट
कोचिंग सुरू. पायाच्या बोटांनी गोट्या उचलून वाटीत टाकायच्या. पूर्णिमा म्हणती, पप्पा, माझा पाय दुखतच न्हाय. म्हटलं, तेच धोक्याचं! करून दाखवताना माझ्याच पोटरीत गोळा आला. दोघींनी धरून कॉटवर टाकलं.

९ जानेवारी
टाच लई दुखती. चप्पल नवी हाय, चावत असंल. बायको म्हणती, चार वर्षं झाली घेऊन. ह्या बाईला काय कळतंय कोल्हापुरी चपलेतलं?

१२ जानेवारी
हाडांचे डॉक्टर. पूर्णिमाला चवड्यांवर उभारायला लावलं. टाच उचलली आणि कमान वर आली! डॉक्टर म्हणाले, पाय लवचिक हाय, दुखत न्हाय तर काही करायला नको. माझ्या गोट्यांचा गुण, पण कबूल कोण करतोय!
मग म्हणाले, आता तुम्ही उभारा. म्हटलं, पेशंट ती हाय. तरी उभारलो. कमान आली न्हाय. टाचेचं दुखणं त्यातलंच म्हणे, आधार असलेले बूट घाला. बूट! मी? डॉक्टर परगावचे असणार.

१७ जानेवारी
मेडिकल. बायको नको म्हणत असताना बरोबर गेलतो. बापाचा पायगुण लागतो की! गेटपर्यंत जाऊस्तवर टाच ठणकायला लागली. चहाच्या गाड्यावर बसून राहिलो. जीव नुसता टांगणीला.
दुपारी पोरगी पळतच आली. पास! मला रडूच फुटलं. बायकोला फोन लावला, म्हटलं, बघ माझा पायगुण. ती म्हणाली, पाय तुमचे, गुण पोरीचा.
एवढ्यात पूर्णिमा माझ्या पायाशी वाकली. चारचौघांत! ऊर भरून आला. आशीर्वादाला हात वर केला.
ती माझ्या पायातली चप्पल काढत होती. स्वतःचे बूट माझ्या पायात घातले, नाडी बांधली आणि माझी चप्पल घालून करकरत पुढं चालू लागली.
बूट बरोब्बर बसले. बरं वाटलं. घरात बोलायचं न्हाय.