पुलापलीकडचे पेशंट

४ नोव्हेंबर, सोमवार

आले एकदाची! डॉक्टरकीचं सर्टिफिकेट मिळून महिना झाला, पण खरं शिक्षण आजपासून. या दवाखान्यात सहा महिने उमेदवारी करायची. खाली दवाखाना, वर घर आणि मागे गॅलरी असलेली माझी खोली. घरात माणसं तीन. मोठे डॉक्टर सत्तरीचे, आवाज लोण्यासारखा. काकू औषधं देतात, केसपेपर सांभाळतात. मुलगा, ज्याला सगळे दादा म्हणतात, हाडांचं बघतो. दारातून येताना त्याला मान वाकवावी लागते. माझी बॅग त्यानं एका हातानं वर नेली आणि आत पुस्तकं आहेत की विटा, म्हणून विचारलं. मोठ्या डॉक्टरांनी पहिला धडा दिला : पुस्तकातला पेशंट गप्प असतो, इथला बोलतो, तेव्हा आधी कान लावायचे, मग नळी. चाळीस पेशंट पाहिले. पायांचे तुकडे पडलेत, पण काकूंनी अंथरूणसुद्धा घालून ठेवलंय. लेकीसारखं करतात.

७ नोव्हेंबर, गुरुवार

आज टाके घालायला मिळाले. एक सुतार आला होता, उजव्या हाताची तीन बोटं चेचलेली. शिडीवरून पडलो म्हणाला. पडणारा माणूस हात टेकतो, पण त्याच्या तळव्याला साधं खरचटलंही नव्हतं. दादा हात धरायला आला तसा तो इतका थरथरायला लागला की टेबल वाजू लागलं. मोठे डॉक्टर म्हणाले, तुझा हात हलका आहे. दिवसभर हवेत होते.

११ नोव्हेंबर, सोमवार

पाच दिवसांत चौथं मोडलेलं हाड. एका शिंपीणबाईंचा दंड, एका निवृत्त मास्तरांचं गळ्याखालचं हाड. सगळे ‘पडले’. चौघांचे केसपेपर काढून पाहिले. प्रत्येकावर काकूंच्या अक्षरात एकच शेरा : पुलापलीकडे. काकूंना विचारलं, तर हसत म्हणाल्या की पुलापलीकडे नवा दवाखाना निघालाय, लोक जातात तिकडे. पण परत येतात. येतातच.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी दवाखाना बंद असताना गॉझ घ्यायला खाली गेले.

टेबलावर कोपऱ्यावरचा पाववाला. तोंडात टॉवेलचा बोळा. मोठ्या डॉक्टरांनी त्याचे खांदे दाबून धरले होते, काकूंनी पाय. दादानं त्याच्या हातावर हातोडी मारली. एकदाच. ओलं लाकूड मोडावं तसा आवाज.

मोठे डॉक्टर चिडले नाहीत. जवळ ये म्हणाले. तुटताना पाहिलेलं हाड जोडायला सोपं जातं म्हणाले. माझी बोटं धरून हाडाच्या टोकांवर ठेवली. कातडीखाली ती करकरली. मग प्लास्टर मीच घातलं. नीट घातलं. पाववाला माझ्याकडे बघत होता आणि मी पट्टीच्या कडा सारख्या करत होते.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

बॅग खोलीत नाही. मोबाइल दादानं मागून नेला तो दिलाच नाही. बाहेरच्या दाराला कुलूप, किल्ली काकूंच्या कमरेला.

रक्तदाब तपासायला एक हवालदार आला. पट्टा बांधताना त्याच्या कानात सगळं सांगितलं. त्यानं दुसऱ्या हाताची बाही वर केली. कोपर वाकडं जुळलेलं होतं.

१८ नोव्हेंबर, सोमवार

सुतार टाके काढायला आला. औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलं : पलीकडच्या डॉक्टरांना सांगा, मला सोडवा. त्यानं वाचलं. बाहेर जाऊन चिठ्ठी काकूंच्या हातात दिली. मग दारातूनच म्हणाला, “माफ करा, बाई. एक हात तरी राहू दे मला.”

१९ नोव्हेंबर

डाव्या हातानं लिहितेय. उजवा मनगटात — दोन घाव. आधी मोठ्या डॉक्टरांनी हाडांची नावं विचारली. परीक्षेसारखी. मी सांगितली. सगळी बरोबर.

काकू भरवायला बसल्या. थुंकले.

२१ नोव्हेंबर, दुपार

पलीकडची डॉक्टर आणली. मुलगीच आहे, माझ्या वयाची. टेबलाला बांधलेली. हातोडी माझ्या डाव्या हातात दिली. शिकलीस ना, म्हणाले, आता करून दाखव.

दादा वाकून तिचा हात धरत होता. मी त्याच्या डोक्यात घातली. तो उठायला लागला. परत घातली. मग थांबता येईना —

मोठ्या डॉक्टरांना ढकललं. ते कपाटावर आपटले. काकू किंचाळत रस्त्यावर, बाहेरून कुलूप लावून. तिचे दोर सोडले, वर आलो, कडी लावली, पलंग ओढला. गॅलरीतून पाइप धरून ती उतरली. मला एका हातानं जमणार नव्हतं. ती चल चल म्हणत होती. मी जा म्हटलं.

जिन्यावर पावलं. खूप. आधी वाटलं, मदत —

हवालदाराचा आवाज. दार उघडा, काही करत नाही. शिंपीणबाई रडतायत, उघड गं, नाहीतर आमचं काय होईल. मास्तर मोजतायत, एक दोन तीन, आणि सगळे मिळून धक्का. मी जोडलेले हात —

बिजागरी निघाली.

ती मागच्या रस्त्याला लागली. इथून दिसतेय. ट्रक थांबला. चढ. चढ गं — चढली

पलंग सरक