डावीकडची प्लेट

शारजा
ता. ११ जून १९९५

ती. आक्कास दत्तूचा जयभीम. वि. वि.

पुन्हा तेच. मी एका पानात सगळ्यांची खुशाली विचारतो आणि तू चार पानं माझ्या गाडीवर लिहितेस. दत्तूनं घाम लोखंडात घातला, दत्तूला जबाबदारी न्हाय, दत्तू हातचा गेला. आपला यादव काय सोन्यात घालतोय? तो लूमची शिफ्ट सुटली की व्यायामशाळेत जाऊन लोखंड डोक्यावर धरतो, त्याचं तुम्ही कौतुक करता. मी तेच लोखंड चालवतो तर मी वाया गेलो.

गाडी मी दुकानातून आणलेली नाही. आमच्या गॅरेजच्या मागं अपघात झालेली दोन दरवाज्यांची जपानी गाडी उन्हात पडून होती. मी इथं डेंटर, रोज लोकांच्या गाड्यांचे पोचे काढतो. शुक्रवारच्या सुट्टीत हिचे काढले. आता ती अशी पळते की अबुधाबीच्या रस्त्यावर मागची गाडी आरशात मुंगीएवढी होते. इथं इंजिनाची ताकद घोड्यांत मोजतात. हिचे दोनशे घोडे आहेत. यादवला मी मागं लिहिलं की तुझे एकशे दहा किलो म्हणजे त्यातल्या एका घोड्याचं खोगीर, तर त्यानं मला पत्रच बंद केलं. धाकट्या भावाला चेष्टा पण सोसत नाही आता.

विमा काढला का, असं विचारलंस. काढला, पण अर्धा. विम्याचा माणूस बॅटरी घेऊन गाडीखाली झोपला आणि उठून म्हणाला की चासी वाकलेली आहे, पूर्ण विमा मिळणार नाही, फक्त थर्ड पार्टी. म्हणजे मी कुणाला धडकलो तर त्याचं नुकसान कंपनी देईल, माझ्या गाडीचं मी बघायचं. मी म्हटलं, बसून तर बघ, सुतासारखी सरळ जाते. तो बसला नाही. खरं तर ती उजवीकडे ओढते, पण स्टिअरिंग जरा डावीकडे दाबून धरलं की झालं. हाताला सवय झाली, आता कळत पण नाही. त्याचं माप कागदावरचं, माझं रस्त्यावरचं.

आईच्या गुडघ्यासाठी तेल पाठवतो. दाजींना जयभीम. रागव हवं तेवढं, पत्र मात्र थांबवू नको.

तुझा दत्तू


काल्हेर
ता. ३ जुलै १९९५

चि. दत्तूस आक्काचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक, तिकडचं तू खरं खरं लिहीत जा.

तुझा विमा मी ह्यांना वाचून दाखवला. रस्त्यावरच्या कुणालाही काही झालं तर त्याला भरपाई, आणि तुला झालं तर आम्ही रडायचं, असाच ना त्याचा अर्थ? मग तो विमा लोकांचा झाला, तुझा कुठे? एवढंच लिहिते, नाहीतर पुन्हा पानं मोजशील.

यादवची बातमी आहे. रेल्वेत खेळाडूंच्या कोट्यातून भरती निघालीय. ऑगस्टच्या वीस तारखेला मुंबईत चाचणी. त्याच्या वजनगटात पंच्याण्णव किलो डोक्यावर नेले की नाव पुढे जातं. आणि आपला तर जयंतीच्या दिवशी गावात सगळ्या दिघाशीसमोर एकशे दहा नेतो. कोंडूकाका तेव्हापासून छाती काढून फिरतात. फिरू देत, व्यायामशाळा त्यांनीच उभी केली. तू गेल्यावर झाली म्हणून तुला लिहिते. मोडीत निघालेल्या लूमची चाकं त्यांनी भंगारवाल्याकडून आणली, मधे भोकं पाडून प्लेटा केल्या, बार म्हणून लूमचाच शाफ्ट घेतला. काका एकेक प्लेट हातात तोलून सांगत गेले आणि पेंटर पांढऱ्या रंगानं आकडे काढत गेला, वीस, पंचवीस. एका प्लेटीला चीर होती, ती वेल्डिंग भरून जोडली. दिसायला ओंगळ, म्हणून यादव ती कायम डावीकडे, आतल्या बाजूला लावतो.

नोकरी लागली तर तो लूमच्या धुळीतून सुटेल, आईसारखा खोकत बसणार नाही. मग तूही परत यायचा विचार करशील असं आईला वाटतं. मला वाटत नाही, पण मी तिला तसं बोलले नाही.

त्याला एक साधं पत्र टाक. घोड्यांशिवाय.

माया आहे म्हणून बोलते, हे विसरू नको.

तुझी आक्का


काल्हेर
ता. २८ ऑगस्ट १९९५

चि. दत्तूस आशीर्वाद.

चांगलं लिहायला काही नव्हतं म्हणून हातात पेन घेतलं नाही. यादवचं झालं नाही.

हे त्याच्याबरोबर गेले होते, त्यांनी सांगितलं तसं लिहिते. तिथे पहिलं वजन आपणच मागायचं असतं. तीन वेळा उचलायला मिळतं, पण एकदा मागितलेलं वजन खाली आणता येत नाही. यादवनं शंभर मागितलं. एकशे दहावाल्यानं शंभर मागितलं, त्यात गर्व काही नव्हता. पहिल्या खेपेला बार खांद्यापर्यंत आला, वर गेला आणि उजवीकडे कलला. दुसऱ्या खेपेला तसंच. तिसऱ्यांदाही तिकडेच कलला, पण त्यानं सोडला नाही, धरून राहिला, तेव्हा उजवं कोपर मुरडलं. त्याच्या नावापुढे शून्य लिहिलं. पंच्याण्णव मागितलं असतं तर काय झालं असतं, हे घरात कुणी विचारत नाही.

हाड मोडलेलं नाही, कोपर बसवलंय. पण तो दिघाशीला जायला तयार नाही. आमच्याकडेच आहे, भिंतीकडे तोंड करून. वस्तीतलं कुणीतरी म्हणालं की दिघाशीचा किलो मुंबईत चालत न्हाय. ते त्याच्या कानावर आलंय. ताकद आपल्यात कधी नव्हतीच, लोकांनी चढवून ठेवलं, असं म्हणतो. आता त्याला तुझ्याकडे यायचंय. हमालीचा व्हिसा असला तरी चालेल म्हणतो. पासपोर्टसाठी फोटो काढून आलाय. आई म्हणते, एक लेक समुद्रापलीकडे हाय, दुसरा पण गेला तर मी दार कुणासाठी उघडू.

तो तुझं ऐकेल की नाही माहीत नाही. पण या वेळी चेष्टा करू नको. बाकी तू जाणता आहेस असं धरून चालते.

आक्का


शारजा
ता. १६ सप्टेंबर १९९५

ती. आक्कास जयभीम. वि. वि.

व्हिसाचं मी बघत नाही. आधी मी सांगतो ते करा, मग बोलू.

मागच्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाची गाडी फिरवून बघायला नेली. नवी कोरी, चासी सरळ. मोठ्या रस्त्याला लागलो आणि ती आपोआप डावीकडे, मधल्या कठड्याकडे जायला लागली. मला वाटलं हिच्यात खोट आहे. कठडा वीतभर राहिला तेव्हा शेजारी बसलेल्या फोरमननं हात मारून स्टिअरिंग फिरवलं. हैदराबादचा म्हातारा आहे, कधी शिव्या देत नाही, त्या दिवशी दिल्या. मग म्हणाला की गाडी सीधी है, तेरा हाथ टेढा हो गया. मला राग आला. माझ्याच गाडीनं माझा हात वाकडा केला आणि मला पत्ता नाही, हे कोण मान्य करेल?

तुझं पत्र त्याच्या मागोमाग आलं. तिन्ही वेळा बार उजवीकडेच कलला असं दाजी म्हणाले ना? दमलेला माणूस एकदा इकडे कलतो, एकदा तिकडे. तिन्ही वेळा एकाच बाजूला नाही. ती वेल्डिंगवाली प्लेट माझ्या डोक्यातून जात नाही. वेल्डिंग भरलं म्हणजे लोखंड वाढलं, मी रोज हेच काम करतो. ती इतकी वर्षं डावीकडेच लागत असेल, तर तोल सांभाळायला यादवचे हात पण डावीकडे सरकले असतील. तिथल्या सारख्या वजनाच्या बारला त्यानं तसंच धरलं असणार.

कोपर दुखतंय तर बार नको. नुसती काठी त्याच्या हातात दे आणि कुठं धरतो ते बघ, आधी काही सांगू नको. आणि दाजींना सांग, दिघाशीहून सगळ्या प्लेटा आणि शाफ्ट टेंपोत घालून त्यांच्या गोदामाच्या काट्यावर आणा, एकेक वेगळी मोजा. कोंडूकाकांना वाईट वाटेल. तरी मोजा. आकडा कमी निघाला तर तो पण यादवला खरा सांगा.

मी चुकलो असलो तर व्हिसा काढतो, हा शब्द. आणि त्या खोगिराबद्दल त्याला सांग, लिहायला नको होतं.

दत्तू


काल्हेर
ता. १० ऑक्टोबर १९९५

ती. दादास यादवचा जयभीम.

आक्कानं काठी हातात दिली तेव्हा मला वाटलं दोरी बांधायला बोलावते. मी धरली आणि ती माझ्या हातांकडे बघत राहिली. डावा हात दोन बोटं बाहेर होता, उजवा दोन बोटं आत. सारखे धरायला सांगितले तर मला सारखे वाटेनात, वाटलं आता काठी पडेल.

रविवारी दाजींनी प्लेटा आणल्या. कोंडूकाकाही टेंपोत बसून आले. वीस लिहिलेली एकही वीस भरली नाही. मग जयंतीला लावल्या होत्या तशा बाजू करून मोजल्या. डावीकडे बेचाळीस, उजवीकडे अडतीस, शाफ्ट साडेसतरा. साडेसत्याण्णव. माझे एकशे दहा ते हे. काका तिथेच पोत्यावर बसले. म्हणाले, माझा हाताचा अंदाज हाय, मी खोटं न्हाय केलं. तसं कुणाच्या मनातही नव्हतं. त्यांनी रॉकेल मागवलं आणि सगळे आकडे स्वतः पुसले. मी पुढे झालो तर मला हात लावू दिला नाही.

दादा, आधी वाटलं की कमावलेले साडेबारा किलो गेले. मग दाजी म्हणाले की तिथे पंच्याण्णवच लागत होते. म्हणजे तेवढे माझ्याकडे होते, वाकडे का होईना. ताकद नव्हती असं समजून मी पडून होतो ते सोपं होतं. होती, हे जास्त लागतंय.

डिसेंबरात पुण्याला पुन्हा चाचणी आहे. मी काठीवर सुरू केलंय. आक्कानं मधोमध लाल दोरा बांधून दिला. डोळे मिटले की हात जुन्या जागी जातात. पण पुढे वजनावर सराव करायचा तर कशावर, ते कळत नाही. काकांच्या प्लेटा कितीही घासल्या तरी सारख्या होणार नाहीत. व्हिसाचं सध्या राहू दे. पासपोर्टचे फोटो मात्र मी टाकून दिलेले नाहीत.

तुझ्या गाडीचं आक्कानं वाचून दाखवलं. ती चालवू नको. तुझा हात आमच्यापासून लांब आहे, तो कुठे सरकतो ते आम्हाला दिसत नाही.

यादव

ता. क. आक्काचा : वस्तीतले निम्मे बाप्ये घरात गप्प बसलेत. ज्यानं त्यानं बायकोला सांगितलेला आकडा खाली आलाय. ह्यांनीही एकदा तिथे नव्वद उचलल्याचं मला ऐकवलं होतं. त्याचे किती झाले ते मी काढलं नाही, संसार करायचाय.


शारजा
ता. २ नोव्हेंबर १९९५

ती. आक्कास जयभीम, चि. यादवास आशीर्वाद. दोघांना मिळून हे एकच पत्र.

गाडी दिली. घेणारा पेशावरचा एक ड्रायव्हर, यादवच्याच वयाचा. रंग मी असा मारलाय की त्यानं बोनेट उघडायच्या आधीच मनात घेतली. नुसता टपावरून हात फिरवत होता. मी गप्प राहिलो असतो तर मागेन ती किंमत मिळाली असती. गप्प राहावं असं वाटलं पण, खोटं कशाला लिहू. मग त्यानं विचारलं की हिचा पूर्ण विमा होतो ना. मी बॅटरी आणून त्याच्या हातात दिली, त्याला गाडीखाली झोपायला सांगितलं, शेजारी मी पण झोपलो आणि चासी कुठं वाकलीय तिथं त्याचं बोट नेऊन ठेवलं. तो उठला आणि निघून गेला. गुरुवारी परत आला. म्हणाला की चालवायला नको, सुटी करून इंजिन आणि गिअरबॉक्स माझ्या भावाच्या गाडीला घालतो, तेवढ्याचीच किंमत देईन. मला ते बरं वाटलं. तिच्यावर आणखी कुणाचा हात बसायला नको. टो करून नेली तेव्हा मी आत एका दरवाज्याचा पोचा काढत होतो. बाहेर आलो नाही.

यादव, मला अजून सरळ गाडी सरळ चालवता येत नाही. फोरमन शेजारी बसतो आणि हात डावीकडे गेला की मनगटावर टिचकी मारतो. काल गाडी बरोबर मधून चालली होती आणि मला सारखं वाटत होतं की ती उजवीकडे चाललीय. म्हणून तुझ्या काठीचं मला कळतं. सारखं धरलेलं काही दिवस वाकडंच वाटणार, तेव्हा हाताचं ऐकू नको, दोऱ्याकडे बघ. पुण्यात पहिलं वजन नव्वदच माग. नावापुढे पुन्हा शून्य नको. डिसेंबरात नाही जमलं तर त्याच्या पुढच्या खेपेला. तू इकडे येऊ नको. इथं मी आहे तेवढा पुरे.

आक्का, दुकानातून खात्रीचा बार आणि कंपनीच्या प्लेटा घ्या. मोठा सेट बसणार नाही, पंच्याण्णवापुरता येईल. कंपनीच्या असल्या तरी दाजींच्या काट्यावर एकेक मोजा आणि मगच दिघाशीला न्या. व्यायामशाळेत कोंडूकाकांच्या हातून ठेवा, यादवनं ठेवायच्या नाहीत.

आईला सांग, दत्तू आता पायी जातो. माझ्यावरचा राग संपला असला तर लोभाला जागा झाली असेल, ती माझीच ठेव.

दत्तू

ता. क. गाडीचे जे आले ते सगळे यात आहेत. खोटं बोललो असतो तर दुप्पट झाले असते. ड्राफ्ट आक्काच्या नावचा, रुपये सतरा हजार चारशे फक्त.