व्हरांड्यातला गुरुवार

वाईनिका बेट, ४ मार्च
ती. आत्यास विलिमाईनाचा सा. न.
आपला मासेमार आपेनिसाकाका आठवतो ना? साखरेच्या आजारानं त्याचा पाय चिघळला होता. आमच्या इस्पितळात तपासणीला एक खेप, डॉक्टरांना दाखवायला दुसरी, ड्रेसिंगला तिसरी. आणि दर वेळी होडी. कंटाळून यायचाच थांबला. शेवटी पाऊल कापावं लागलं. त्या संध्याकाळी आम्ही नर्सेस, सफाईवाली लाइसानी, ड्रायव्हर हरिलाल, सगळे रडलो, भांडलो, आणि दुसऱ्या दिवशी टेबलं व्हरांड्यात ओढली. आता दर गुरुवारी सगळं एकाच जागी, एकाच खेपेत. हुकूम कुणीच दिला नाही. मोठे डॉक्टर रजेवरून आले नि कडाडले, कुणाला विचारून? लाइसानी म्हणाली, एकमेकांना विचारून. आता सगळ्यांच्या बदल्या होणार म्हणतात. रागावू नकोस.
तुझीच विली

सुवा, १३ मार्च
चि. विलीस अनेक आशीर्वाद.
रागावू नको तर काय, ओवाळू तुला? जन्मभर मेट्रनकी केली. माझ्या वॉर्डात विचारल्याशिवाय चादर हलत नव्हती. तुमच्या मोठ्या डॉक्टरांनी मलाच पाहणीला बोलावलंय. विली माझी भाची, हे सांगितलं, तरी या म्हणाले. लाडाची आशा सोड. दालोच्या कंदांचं पोतं बोटीनं धाडलंय, सगळ्यांना उकडून घाल. उपाशीपोटी बंड करू नये.
तुझी आत्या

वाईनिका, २८ मार्च
ती. आत्यास सा. न.
गुरुवारी दिवसभर व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलीस आणि अवाक्षर न काढता बोटीत चढलीस! लाइसानी विचारते, ही तुझी आत्या की पोलीस? आमच्या जिवाला घोर लागलाय. काय ते लिही.
विली

सुवा, ५ एप्रिल
चि. विलीस अनेक आशीर्वाद.
बोलणार काय? दिवसभर तुमच्यातली मुख्य कोण ते शोधत होते, सापडलीच नाही. एक दमली की दुसरी न सांगता तिच्या जागी. कुबड्यांवरचा आपेनिसा नव्या रोग्यांना दटावत होता, लाज कसली, पाय दाखवा. मी मोठ्या डॉक्टरांना लिहिलं, की यांना हुकूम नको, व्हरांड्याला पत्रा द्या, ऊन फार येतं. बदल्या रद्द झाल्याचं आज कळलं. पत्राही मिळतोय.
काल चर्चनंतर आम्ही जुन्या मेट्रनी जमलो. तुमच्या गुरुवारचं सांगितलं, तर सगळ्यांनी विचारलं, ही कल्पना कुणाची? माझ्या भाचीची म्हणायला जीभ नुसती शिवशिवत होती. पण म्हटलं, एकीची नाही गं, त्या सगळ्यांची. आणि विली, हे सांगताना माझी मान जेवढी ताठ झाली, तेवढी निवृत्तीच्या समारंभात गळ्यात हार पडतानाही झाली नव्हती.
लाइसानीला सांग, पोलिसानं आशीर्वाद धाडलेत. माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझी आत्या माकेलेसी